कच्चे, पक्के आणि पोट आलेली भिंत

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत भूकंपाचे दोन धक्के जाणवले. मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. भांडी वाजली, माणसे अंगणात आली, तासाभरात परत आत गेली. त्या दिवशी प्रशासनाने लोकांना एक सूचना दिली. घरावर पत्रे असतील आणि ते उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवले असतील, तर ते दगड काढून घ्यावेत.

सूचना योग्यच होती. पण ती वाचून मी इस्लापूरच्या रस्त्यावर आलो आणि वर पाहिले, तर जिथवर नजर जाते तिथवर पत्र्यांवर दगड होते. दगड काढावेत तर वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो. ठेवावेत तर धरणी हलली की दगड डोक्यात येतो. आणि हे पत्र्याचे घर सरकारी कागदात ‘पक्क्या’ साहित्याच्या रकान्यात बसते. त्याच रांगेतले, सागवानी मेढींवर उभे असलेले, माझ्या आजोबांच्या काळातले कुडाचे घर मात्र ‘कच्चे’.

प्रस्तुत लेख या दोन शब्दांविषयी आहे. मी स्थापत्यविशारद नाही, भाषाशास्त्राचाही अभ्यासक नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. गेली वीसेक वर्षे जुनी घरे उतरवली जात असताना तिथे उभे राहून खांब मोजणे, मातीचे थर टेपने मापणे आणि म्हाताऱ्या गवंडी-सुतारांशी बोलणे एवढेच केले आहे. माझे घर किनवट तालुक्यातल्या इस्लापूरचे, म्हणजे सागवान, बांबू आणि कवेलूच्या मुलखातले. आजोळ मात्र औसा तालुक्यात, किल्लारीपासून दोन-अडीच कोसांवर, म्हणजे दगड, पांढरी माती आणि माळवदाच्या मुलखात. या दोन घरांमध्ये वाढल्यामुळे पारंपरिक बांधकामावर जे लिहिले जाते, ते मला दोन्हीकडून अपुरे वाटत आले आहे. एक लेखन मातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, दुसरे तिची आरती ओवाळते. घर कशामुळे उभे राहते, हा प्रश्न दोघांकडूनही सुटून जातो.

१

‘कच्चा’ हा शब्द मराठीत कुठेकुठे येतो ते पाहावे. कच्ची कैरी, कच्ची वही, कच्चा कैदी, कच्चा रस्ता. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: जे अजून व्हायचे आहे ते कच्चे. कैरी पिकेल, वही उतरवून घेतली जाईल, कैद्याचा निकाल लागेल, रस्त्यावर डांबर पडेल. म्हणजे ‘कच्चे घर’ म्हटले की ते घर अपुरे आहे, पक्के होण्याची वाट पाहत आहे, असा निकाल शब्दातच लागून जातो. पाच पिढ्या नांदलेले माळवद यात अपुरे ठरते आणि गेल्या वर्षी उभारलेली पत्र्याची खोली पूर्ण.

हा केवळ शब्दच्छल नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत भिंतीचे आणि छताचे साहित्य विचारून घरांची वर्गवारी झाली. गवत, बांबू, माती, कच्ची वीट, लाकूड आणि चुना-सिमेंटशिवाय रचलेला दगड या भिंती कच्च्या; भाजलेली वीट, काँक्रीट आणि पत्रा या पक्क्या. छताच्या रकान्यात तर हाताने घडवलेले कवेलू कच्चे आणि यंत्रावर निघालेले कवेलू पक्के. दोन्ही मातीचेच, दोन्ही भट्टीत भाजलेले. फरक एवढाच की एक कुंभाराच्या हातून आले आणि दुसरे कारखान्यातून. घरकुल कोणाला मिळणार हे याच वर्गवारीवरून ठरत गेले, म्हणून तिचा उद्देश गरिबाच्या बाजूचा होता हे मान्य केले पाहिजे. पण जी यादी मदतीसाठी केली, तीच हळूहळू ज्ञानाची यादी झाली. सुताराचे लाकूडकाम कच्च्यात गेले, कुंभाराचे कवेलू कच्च्यात गेले, आणि त्यांच्या मुलांनी ते ऐकले.

मराठीची स्वतःची घरांची नावे याहून कितीतरी नेमकी आहेत. माळवद, धाबे, कौलारू ही नावे छत कसे आहे ते सांगतात. कुडाचे घर म्हटले की भिंत कशी आहे ते कळते. आणि ‘पाच खणांचे घर’ म्हटले की भार कोण उचलतो ते कळते. खण म्हणजे खांबांच्या दोन ओळींमधला गाळा. घराचे माप चौरस फुटांत न सांगता खांबांत सांगणारी ही भाषा होती. गावालाच ‘पांढरी’ म्हणत आणि शेतीला ‘काळी’. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकातला गाव याच दोन रंगांत उभा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; पिकाला उत्तम, भिंतीला घातक. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती मुरून झालेली पांढरी मात्र छतावर दाबून बसते आणि पाणी कमी आत घेते. जुने घर पडले की त्याची माती नव्या घराच्या छतावर चढे. गाव स्वतःच्याच मातीत पुन्हा पुन्हा बांधले जात होते.

२

माळवद म्हणजे मातीचा ढीग, असा समज शहरात आहे. ते कसे रचतात, हे आजोळच्या घरावरून सांगतो. खाली दगडी उथळे. त्यावर लाकडी खांब. खांबाच्या माथ्यावर आडवा हस्त, म्हणजे तुळईला टेकायला रुंद जागा. त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर ऐपतीप्रमाणे फळ्या नाहीतर काटक्यांचे किलचन. त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढरी. मधे धूर जायला आणि उजेड यायला साणे. पाणी जायला पन्हळ. भोवती दोन ते तीन फूट जाडीची दगड-मातीची भिंत, तिच्यात कोनाडे, देवळी आणि धान्याचे बळद.

थोरले मामा म्हणायचे, “भिंत काय, ती पडद्यासारखी असती. घर खांबावर उभं असतं.” हे वाक्य मला नीट कळायला ३० सप्टेंबर १९९३ उजाडावा लागला.

त्या रात्री गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. वर्षभर आधी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते. पण देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसे गेली. बहुतेक सगळी आपल्याच घराखाली.

आजोळच्या घराचे तोवर दोन भाग झाले होते. थोरल्या मामांकडे जुने पाच खण. धाकट्या मामांनी वाटणीनंतर शेजारीच तीन खोल्या चढवल्या होत्या. दगड त्याच खाणीचा, माती त्याच पांढरीची, गवंडीही तोच. पण लाकूड महाग झाले होते, म्हणून भिंतीलगतचे खांब वगळले आणि कड्या थेट भिंतीवर टेकवल्या. थोरल्या घराच्या दोन भिंती बाहेर रस्त्यावर कोसळल्या. खांब आणि माळवद जागेवर राहिले, आत झोपलेली माणसे खाटांखालून बाहेर आली. धाकट्या घराच्या भिंती फाटल्या, त्यांच्यावरचे छत खाली आले. धाकटी मामी आणि तिची मुलगी त्यात गेल्या.

एका घरावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. पण भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांच्या अहवालांतही हेच आढळते: लाकडी सांगाडा शाबूत होता तिथे अनेकदा भिंती बाहेर पडल्या आणि छत तरले, भार थेट दगडी भिंतीवर होता तिथे सगळेच बसले.

भिंत का फाटली? तीन फूट जाडीची भिंत एकसंध नसते. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मधे खडी-मातीची भर. दोन्ही थर आरपार जाणाऱ्या लांब दगडांनी जागोजाग शिवावे लागतात. ते नसतील तर पावसाचे पाणी मुरून, भार येऊन भिंत मधून फुगते. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आले. पोट आलेली भिंत शांत जमिनीवर पन्नास वर्षे उभी राहू शकते. हादऱ्यात ती काही क्षणांत दोन पाखांत उघडते.

आणि छत? पांढरी माती घनमीटरला दीड टनाहून जड असते. एक फूट थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे अर्धा टन. दर मृगाआधी गळती थांबवायला वर एक नवा थर चढवायचा आणि खालचा काढायचा नाही, अशी चाल पडली. आजोळच्या पडक्या माळवदाचा थर मी मोजला, तो दोन फूट भरला. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ टनांहून अधिक ओझे. जुने म्हातारे सांगत की थर वाढवायचा नसतो, खरवडून बदलायचा असतो. खरवडायला माणसे लागतात. वर माती टाकायला एक मजूर पुरतो.

म्हणून मातीने माणसे मारली हे म्हणणे खोटे आहे, आणि माती निर्दोष होती हे म्हणणेही खोटे आहे. सांगाडा आणि भिंत वेगळी ठेवण्याची, भिंत शिवण्याची आणि छताचे ओझे उतरवत राहण्याची जी रीत होती, ती लाकूडटंचाईत, वाटण्यांत आणि मजुरीच्या हिशेबात झिजून गेली होती. राहिले होते फक्त साहित्य. परंपरेचे साहित्य उरले आणि परंपरेची रीत गेली, की घर सर्वांत घातक होते.

३

यातला एक योगायोग टोचणारा आहे. भारतीय मानक ब्युरोची मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांच्या भूकंपरोधकतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे, आयएस १३८२७ आणि १३८२८, ही १९९३ सालचीच आहेत. भिंतीत आरपार दगड घाला, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर ठेवा, भिंतीला सलग आडवा पट्टा द्या, छत हलके ठेवा, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे शास्त्राने माती आणि दगडाला घटस्फोट दिला नव्हता. अटी घातल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या अटी थोरल्या मामांना तोंडपाठ होत्या.

पण पुनर्वसनाच्या भाषेत या अटींना फारशी जागा मिळाली नाही. जागतिक बँकेच्या कर्जसाह्याने मोठा कार्यक्रम उभा राहिला. अतिनुकसानग्रस्त ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भूमिहीनांना २५० चौरस फूट, मध्यम धारणेच्या शेतकऱ्यांना ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. इतक्या लोकांना इतक्या लवकर डोक्यावर छत देणे सोपे काम नव्हते, आणि ज्या माणसांनी ते केले त्यांच्याविषयी मी हलके बोलणार नाही. परंतु घराचे माप खणांतून चौरस फुटांत गेले, तेव्हा आणखीही काही गेले. जमिनीच्या मापावर घराचे माप ठरले आणि मापावर गल्ली ठरली. सरळ रुंद रस्ते आले, भावकी पांगली, ओसरी गेली, गुरांना जागा उरली नाही. नव्या गावांत आज फिरले तर सिमेंटच्या मूळ खोलीत धान्य-कडबा आणि बाजूला चढवलेल्या पत्र्याच्या छपरीत माणसे, असे दृश्य अनेकदा दिसते.

ज्या गावांत घरे उभी होती, तिथे दुरुस्ती आणि बळकटीकरणासाठी मदत होती. जुनी भिंत शिवण्याचे, आडवा पट्टा बांधण्याचे उपाय आखले गेले. अनेकांनी मात्र जुने घर तसेच ठेवून त्या पैशांत एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. आठ हजार मृत्यूंनंतर ‘पक्के’ या शब्दावर कोणीही विश्वास ठेवेल. पण जुन्या घराला एकही आरपार दगड मिळाला नाही, आणि त्यातल्या कितीतरी घरांत लोक आजही राहतात.

कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर घरमालकाच्या हाती पैसा आणि निर्णय देण्याची वाट मोठ्या प्रमाणावर चोखाळली गेली. तिथले गोल भुंगे, मातीचेच, त्या भूकंपात चांगले तगले. गोल भिंतीला कोपरा नसतो आणि छत हलके असते. पण माती वापरली की सगळे साधते, असेही नाही. इजिप्तमध्ये लक्सरजवळ हसन फथी या वास्तुविशारदाने १९४० च्या दशकात गुर्ना गावासाठी मातीच्या विटांच्या कमानींचे सुंदर नवे गाव बांधले. साहित्य देशी, कारागीर देशी. तरी लोक तिथे जायला तयार नव्हते, कारण त्यांना मुळात हलायचेच नव्हते. किल्लारीचे सिमेंट आणि गुर्नाची माती यांतून मी एकच धडा घेतो: ज्याच्यासाठी घर, त्याला विचारल्याशिवाय बांधलेले घर कोणत्याही साहित्याचे असले तरी परकेच राहते.

४

आता इस्लापूरकडे. इथले जुने घर वेगळे. सागवानाच्या मेढी जमिनीत पुरायच्या, त्यावर आढे आणि वासे, बांबूच्या कांब्यांचा कुड विणायचा, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची, वर कवेलू. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशा सगळ्यांच्या घरांत याचेच प्रकार दिसतात. भिंत बोटभर-वीतभर जाडीची, छत हलके. हे घर हलते, मोडत नाही. मोडले तरी अंगावर टनांनी माती पडत नाही. याचे दोषही सांगितले पाहिजेत. मेढ जमिनीलगत कुजते, वाळवी लागते, आगीची भीती असते, उंदरामागे साप येतो. माझ्या आईने हयातभर दर आठवड्याला सारवले. तिच्या गुडघ्यांना विचारले तर ती सिमेंटची फरशीच मागेल.

हे घर कशाने संपले? ‘लोकांना आता ते नको’ हे अर्धेच उत्तर आहे. सागवान राखीव जंगलात गेले. बांबू हा १९२७ च्या वन कायद्यात झाड म्हणून गणलेला होता. जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ साल उजाडले. नव्वद वर्षे बांधावरच्या बांबूवरही कायद्याची सावली होती. साहित्य कायद्याने दुर्मिळ, कारागीर अर्थकारणाने बेकार, आणि शब्दाने घर कच्चे. इतक्या बाजूंनी वेढल्यावर ‘लोकांची आवड बदलली’ असे म्हणणे सोयीचे असते.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. १९९३ च्या भूमिहीनाच्या घराहून जेमतेम एकोणीस फूट अधिक. या योजनेसाठी अनेक राज्यांतल्या स्थानिक साहित्याच्या घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रहही केंद्राने तयार केला आहे. कागद आडवा येत नाही. पण आमच्या भागात मी आजवर पाहिलेली घरकुले वीट, सिमेंट आणि वर स्लॅब किंवा पत्रा याच साच्यातली आहेत, कारण दुसरे काही बांधून देणारा गवंडी उरलेला नाही.

५

दुसऱ्या बाजूच्या लेखनाविषयी. अलीकडे ‘नैसर्गिक घर’ हा पुरवण्यांचा आवडता विषय झाला आहे. मातीच्या भिंती, चुन्याचा गिलावा, गूळ आणि बेलफळाचा लगदा, थंडगार खोल्या. यातले तपशील पुष्कळदा खरे असतात. चुन्यात गूळ-हरडा घालण्याची रीत खरीच, जाड भिंतीचा गारवा खराच. माझा आक्षेप वगळलेल्या गोष्टींना आहे. अशा लेखांत १९९३ नसते. चिखल तुडवणारी माणसे नसतात, दगड फोडणारा वडार नसतो, सारवणारी बाई नसते. वाड्याच्या तीन फुटी भिंतीचे कौतुक असते, पण त्याच गावाच्या कडेला, पाणी तुंबणाऱ्या जागेवर, ज्यांना पांढरीची माती आणि चांगले लाकूड मिळालेच नाही त्यांच्या घरांचे काय, याचा उल्लेख नसतो. परंपरेत सगळ्यांची घरे सारखी नव्हती. ज्यांच्या वाट्याला तिचे उरलेसुरले आले, त्यांनी सिमेंटची आस धरली तर त्यात अडाणीपणा नाही, अनुभव आहे.

सेवाग्रामची बापूकुटी याच लेखांत नेहमी येते. माती, बांबू आणि कवेलूची ती कुटी १९३० च्या दशकापासून उभी आहे, हे खरे. पण ती का उभी आहे? तिची निगा राखणारा आश्रम तिथे आहे म्हणून. कवेलू फेरले जातात, भिंती लिंपल्या जातात. मातीचे घर एकदा बांधून मोकळे होता येत नाही; ते राखावे लागते. पक्क्या घराचे वचन नेमके याच्या उलट आहे: एकदा बांधा आणि विसरा. स्लॅबही विसरून चालत नाही, हे गजाला गंज चढून छताचे पापुद्रे पडू लागले की कळते; पण तोवर हप्ते फिटलेले असतात आणि दुरुस्ती येणारा कोणी गावात नसतो.

म्हणून कच्चे-पक्के ही जोडी सोडून द्यावी आणि कोणत्याही घराला तीन प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावेसे वाटते. भार कोण उचलतो? भिंत कशाने शिवली आहे? आणि दुरुस्त कोण करणार? पत्र्यावर दगड ठेवलेले घर पहिल्याच प्रश्नाला अडखळते. धाकट्या मामांचे घर पहिल्या दोन प्रश्नांत हरले. थोरल्या मामांचे दुसऱ्यात हरले, पहिल्याने वाचले.

ते पाच खण अजून उभे आहेत. मामा गेले, मामेभावाला ते उतरवून लाकूड विकायचे होते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी चार मजूर लावून माळवदावरची माती खरवडली. दोन फुटांची अर्धा फूट केली. अर्धा फूट माती म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास, चार इंची स्लॅबइतकेच वजन. पडलेल्या दोन भिंतींच्या जागी कंबरेपर्यंत दगड आणि वर बांबूचा कुड घातला. कुड विणायला इस्लापूरहून एक म्हातारा कारागीर नेला. लातूरच्या माळवदाला किनवटची भिंत. गावातली माणसे येऊन पाहून गेली. एकाने विचारले, “हे आता कच्चं म्हणायचं का पक्कं?”

मामेभाऊ म्हणाला, “आधी हा पावसाळा जाऊ द्या.”

पावसाळा गेला. साण्याजवळ एका जागी गळले. दिवाळीनंतर तिथली माती खरवडून बदलायची आहे. वर नवी टाकायची नाही.